पर्शियन मांजराचा क्रॉस लावताना नात्यातलं रक्त कसं टाळायचं: जोडी ठरवण्यापासून पिल्लू देईपर्यंत

कोल्हापुरात पर्शियन पाळणारी घरं आता गल्लोगल्ली झालीत, राजारामपुरी असो, कसबा बावडा असो नाहीतर फुलेवाडी, आणि महिन्यातनं दोन-तीन जण तरी माझ्याकडं एकच तक्रार घेऊन येतात. पिल्लं दोनच झाली, त्यातलं एक गेलं, भाटी, म्हणजे मादी, माजावर येते पण गाभण राहत नाही, बोक्याचं एकच अंडं खाली आलंय. मी विचारतो, बोक्याचा बाप कोण? उत्तर ठरलेलं असतंय, "बाप माहीत नाही, पण बोका बाहेरगावचा हाय, नात्यातला नाही."

सगळी गडबड इथंच होते. बाहेरगावचा म्हणजे बाहेरच्या रक्ताचा, असं अजिबात नसतंय. सांगली, मिरज, इचलकरंजी, बेळगाव, कोल्हापूर या पट्ट्यात पिल्लं फिरतात ती बऱ्याच वेळा पुण्या-मुंबईच्या त्याच चार-पाच बोक्यांची असतात, गाव बदललं तरी आजा एकच.

माझ्या मिठी नावाच्या भाटीच्या बाबतीत हेच झालं. मिरजेचा बोका घेतला, देणाऱ्यानं छातीठोक सांगितलं की दादा, तुमच्या भाटीशी याचं काय नातं असणार, हा पुण्यातनं आणलाय. पिल्लं चार झाली, एक मेलेलंच आलं, एक तिसऱ्या दिवशी गेलं. नंतर जुन्या मालकांना फोन करत करत मागं गेलो तर मिठीचा बाप आणि त्या बोक्याचा बाप एकच निघाला, पुण्यातला सुलतान नावाचा पांढरा बोका. ती दोन पिल्लं नात्यामुळंच गेली असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण सावत्र भावा-बहिणीचा क्रॉस मी स्वतःच्या हातानं लावला होता हे खरं.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन येणाऱ्या कुणालाही विचारा, ज्या रेड्याची पारडी तोच रेडा तिला परत दाखवायचा नाही हे त्याला सांगावं लागत नाही. मांजराच्या बाबतीत मात्र आपण हजारो रुपये मोजतो आणि फक्त तोंड बघतो, पंच (चपट्या नाकाचं) आहे का डॉल फेस (मोकळ्या नाकाचं).

खाली क्रम दिलाय तो तसाच पाळा. बहुतेकजण पाचवी-सहावी पायरी आधी करतात आणि पहिली कधीच करत नाहीत.

## आधीची तयारी: क्रॉसच्या किमान दोन महिने आधी

भाटी माजावर आली, ओरडायला लागली, घरातले वैतागले, की मग बोका शोधायला सुरुवात होते आणि त्या घाईत जो मिळेल तो बोका लागतो. म्हणून ती शांत असताना तयारी करा. लागतंय काय, तर एक जाड वही, किचनमधला ग्रॅमचा डिजिटल काटा, प्रत्येक मांजराचे समोरून आणि बाजूनं फोटो, आणि शक्य असेल तर मायक्रोचिप. चिपवर १५ आकडी नंबर असतो, तोच वहीत, तोच लसीच्या कार्डावर, तोच डीएनए रिपोर्टवर आला पाहिजे. चिप नसेल तर रिपोर्ट कुठल्या मांजराचा आहे यावर उद्या कोण विश्वास ठेवणार? पांढरे पर्शियन बोके फोटोत सगळे सारखेच दिसतात.

भाटीचं वय किमान एक वर्ष पूर्ण झालेलं हवं, पर्शियन उशिरा भरतात म्हणून मी दीड वर्षापर्यंत थांबतो. याचा अजून एक फायदा आहे जो कुणी लक्षात घेत नाही. पिढ्या जितक्या सावकाश बदलतील तितकं रक्तातलं जुनं वैविध्य सावकाश गळतं.

सावधान: एकाच झोलीतली, म्हणजे एका वेळी जन्मलेली, भाऊ-बहीण पिल्लं चार महिन्यांनंतर एकत्र ठेवू नका. "अजून लहान आहेत" म्हणता म्हणता घरातच क्रॉस होतो, कारण काही भाट्या चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येतात.

## १. नात्याचा तक्ता काढा

मोठ्या कॅलेंडरच्या पानाची मागची कोरी बाजू घ्या. डावीकडं भाटी, तिच्यापुढं आई-बाप, त्यांच्यापुढं आजा-आजी, असं किमान चार पिढ्या. बोक्याचा तसाच दुसरा तक्ता. मग एक रंगीत पेन घेऊन दोन्हीकडं येणारं नाव गोल करा.

रजिस्टर्ड पेडिग्री, म्हणजे वंशावळीचा कागद, असेल तर काम सोपं, पण आपल्याकडं बहुतेक मांजरांना कागदच नसतात, मग फोन करावे लागतात. ज्यानं दिलं त्याला विचारा, त्यानं कुणाकडनं घेतलं त्याला विचारा. "पेपर आहेत का" असं विचारू नका, कारण नाही म्हणून लगेच विषय संपतो. त्यापेक्षा "याच्या बापाचा फोटो आहे का, तो कुणाच्या घरी होता, अजून कुणाकुणाला लावला होता" असं विचारा, लोक आवडीनं सांगतात. मला सुलतानचा पत्ता असाच, एका काकूंनी पाठवलेल्या चार वर्षं जुन्या फोटोवरनं लागला.

जिथं नाव कळत नाही तिथं प्रश्नचिन्ह टाका, मोकळं सोडू नका. दोन्ही मांजरं एकाच विक्रेत्याकडनं आली असतील आणि बाप माहीत नसेल, तर बाप एकच आहे असं धरूनच पुढचा हिशोब करा.

नेहमीची चूक म्हणजे फक्त बापाची बाजू शोधणं. आईच्या बाजूनं पण तोच बोका येऊ शकतो, आजा म्हणून.

## २. आकडा काढा, अंदाजावर जाऊ नका

पिल्लांत नात्यातलं रक्त किती येणार याच्या आकड्याला इनब्रीडिंग कोएफिशंट म्हणतात, आणि तो काढायला कॉम्प्युटर लागत नाही. भाटीपासनं सुरू करा, वर त्या समान पूर्वजापर्यंत जा आणि दुसऱ्या बाजूनं बोक्यापर्यंत खाली या. या साखळीत एकूण मांजरं किती आली ते मोजा, दोघांना धरून. जेवढी मांजरं तेवढ्या वेळा १००चे निम्मे करत जा.

माझंच उदाहरण: मिठी, सुलतान, मिरजेचा बोका, म्हणजे तीन. १००चे निम्मे ५०, त्याचे निम्मे २५, त्याचे निम्मे १२.५. म्हणजे होणाऱ्या पिल्लांचा आकडा १२.५ टक्के. सुलतान मिठीचा बाप आणि बोक्याचा आजा असता तर साखळीत चार मांजरं, ६.२५ टक्के. दोघांचाही फक्त आजा असता तर पाच मांजरं, ३.१२५. समान पूर्वज एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाची साखळी वेगळी मोजून बेरीज करायची. सख्ख्या भावा-बहिणीत आई आणि बाप दोन्ही समान, म्हणून १२.५ अधिक १२.५, एकूण २५ टक्के. बाप आणि मुलीचा क्रॉसही २५ टक्केच, तरी "लाइन (वंश) पक्की करायची" म्हणून लोक तो मुद्दाम लावतात.

समान पूर्वज स्वतःच नात्यातल्या क्रॉसचा असेल तर आकडा अजून चढतो. सुलतानचा स्वतःचा आकडा २५ टक्के असता तर माझे १२.५ सव्वापट होऊन १५.६ झाले असते.

मी स्वतः पाळतो तो नियम असा: चार पिढ्यांच्या तक्त्यावर ६.२५च्या खाली असेल तर पुढं जायचं, १२.५ किंवा वर असेल तर बोका कितीही देखणा असू दे, सोडायचा. मधलं असेल तर दुसरा बोका शोधून बघायचा आणि नाहीच मिळाला तर एक माज सोडून द्यायचा. माज परत येतो, आपल्याकडं तर वर्षातले बरेच महिने येत राहतो.

तपासून बघा: आकडा शून्य आला तर तक्त्यात प्रश्नचिन्हं किती आहेत ते मोजा. दोनच पिढ्या भरलेल्या तक्त्यावरचं शून्य म्हणजे नातं नाही असं नव्हे, नातं दिसलेलं नाही एवढंच. शंका असेल तर डीएनए करा, त्यात आई-बापाची खात्री होते आणि काही लॅब जनुकीय वैविध्याचा आकडासुद्धा देतात.

## ३. तपासण्या: कशाला बाद करायचं आणि कशाला नाही

डीएनएसाठी गालाच्या आतनं ब्रश फिरवून सॅम्पल घेतात. त्याआधी तासभर काही खायला देऊ नका, दूध पिणारं पिल्लू असेल तर आईपासनं तेवढा वेळ लांब ठेवा, नाहीतर सॅम्पलमध्ये आईचाच डीएनए येऊ शकतो. ब्रश पूर्ण वाळवा आणि कागदी पाकिटात घाला. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा माहीत आहे, ओला ब्रश प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला की बुरशी येते आणि पैसे वाया जातात.

पर्शियनला तीन गोष्टी बघायच्याच.

पीकेडी, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी. एका पालकाकडनं आला तरी रोग होतो, म्हणजे पॉझिटिव्ह बोक्याची सरासरी निम्मी पिल्लं पॉझिटिव्ह. लक्षणं बहुतेक वेळा मधल्या वयात, सात वर्षांच्या आसपास दिसतात, तोवर त्या बोक्याची पिल्लं सगळ्या जिल्ह्यात गेलेली असतात. डीएनए जमत नसेल तर १० महिन्यांनंतर चांगल्या मशीनवर सोनोग्राफी करा. पॉझिटिव्ह मांजर ब्रीडिंगमधनं बाहेर, इथं तडजोड नको.

पीआरए, म्हणजे डोळ्यांचा पडदा खराब होणं, पर्शियनमधल्या प्रकारात पिल्लू चौथ्या महिन्यापर्यंत आंधळं होतं. हा दोन्ही पालकांकडनं यावा लागतो. बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असलेलं मांजर कॅरियर, ते स्वतः ठणठणीत असतं, आणि इथं लोक उलटी चूक करतात. रिपोर्टवर कॅरियर दिसलं की घाबरून लगेच ऑपरेशन. असं प्रत्येक कॅरियर काढत गेलात तर त्याच्याबरोबर त्याचं बाकीचं सगळं चांगलं, वेगळं रक्तही जातं आणि उरलेली मांजरं अजून जवळची होतात. कॅरियर मांजर क्लिअर (अशी एकही प्रत नसलेल्या) मांजराला लावा, आंधळं पिल्लू होणारच नाही, सरासरी निम्मी पिल्लं क्लिअर येतील, त्यातलं चांगलं पुढं ठेवा. रोग पण जातो आणि लाइन पण राहते.

तिसरं रक्तगट. मांजरात ए, बी आणि एबी असे गट असतात. बी गटाची भाटी आणि ए गटाचा बोका ही जोडी धोक्याची, कारण आईच्या पहिल्या चिकात ए गटाविरुद्धच्या अँटीबॉडीज असतात. पिल्लं जन्मताना तरतरीत असतात, दूध पितात आणि मग ढासळतात. एका ओळखीच्यांकडं मी हे बघितलंय, पिल्लाच्या शूला कापूस लावला तर कापूस कोऱ्या चहासारखा लालसर-तपकिरी झाला, संध्याकाळपर्यंत पिल्लू गेलं. अशी जोडी लावायचीच असेल तर पिल्लं जन्मताच, एकही घोट प्यायच्या आत वेगळी करा, पहिले २४ तास किटन मिल्क रिप्लेसर किंवा ए गटाच्या दुसऱ्या बाळंत भाटीचं दूध, मग आईकडं. गाई-म्हशीचं दूध नको.

सावधान: हे सगळं नात्याच्या तक्त्यासोबत करायचंय, त्याच्या जागी नाही. तिन्ही रिपोर्ट क्लिअर असलेला सख्खा भाऊ हा सख्खा भाऊच असतो.

## ४. एकाच बोक्याच्या मागं लागू नका

गावात एखादा बोका शोमध्ये चमकला, किंवा त्याचा व्हिडिओ फिरला, की सगळ्यांना त्याचाच क्रॉस हवा असतो. दोन वर्षांत निम्म्या शहराची पिल्लं एकमेकांची सावत्र भावंडं होतात, आणि मग त्यांच्यासाठी जोडी शोधायला गेलं की मिळतच नाही.

याचा हिशोब करून बघा. ४ गुणिले बोके गुणिले भाट्या, आणि त्याला बोके अधिक भाट्या यांनी भागा, म्हणजे वंशाच्या दृष्टीनं खरी किती मांजरं काम करतायत ते कळतं. २० भाट्या आणि १ बोका असेल तर ८० भागिले २१, म्हणजे ३.८. दिसायला २१ मांजरं, प्रत्यक्षात चारसुद्धा नाहीत! त्याच २० भाट्यांना ४ बोके वाटून दिले तर ३२० भागिले २४, म्हणजे १३.३. भाटी एकही वाढवलेली नाही, फक्त तीन बोके वाढवले. पहिल्या प्रकारात दर पिढीला नात्याचा आकडा साधारण १३ टक्क्यांनी चढतो, दुसऱ्यात ४ टक्क्यांच्याही आत.

म्हणून बोकेवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पहिल्या दोन वर्षांत तीन-चार वेगवेगळ्या भाट्यांपेक्षा जास्त क्रॉस देऊ नका, पैसे बुडतात हे मला कळतंय पण पुढची गिऱ्हाइकं पण त्याच रक्तातनं यायची आहेत. भाटीवाल्यांनी बोक्याच्या मालकाला सरळ विचारावं की आत्तापर्यंत किती क्रॉस दिले आणि कुठं. सांगायला कचरत असेल तर दुसरीकडं जा.

आणि पंच फेसच्या मागं सगळे एकदम धावले तर बोके अजून कमी उरतात, कारण तसलं तोंड मोजक्याच लाइनमध्ये असतं. एप्रिलच्या उकाड्यात त्या चपट्या नाकाच्या मांजराला तोंड उघडून धापा टाकताना ज्यानं बघितलंय त्यानं डॉल फेसला कमी लेखू नये. मोकळं नाक असलेला डॉल फेस बोका माझ्या मते जोडीसाठी सोन्यासारखा.

## ५. खरंच नवीन रक्त आणायचं असेल तर

जवळपास नातं सुटतच नसेल तर दोन वाटा आहेत. एक, लांबच्या राज्यातली, तक्ता माहीत असलेली पर्शियन लाइन. दुसरी, एक्झॉटिक शॉर्टहेअर. हा पर्शियनचाच आखूड केसांचा भाऊबंद, त्याच्या लाइनमध्ये अमेरिकन शॉर्टहेअरचं रक्त आलेलं आहे. पण एक्झॉटिकच्या मागच्या पिढ्यांत पर्शियनच भरलेले असतात, म्हणून त्याचाही तक्ता काढायचाच. आखूड केस प्रभावी असतात, त्यामुळं पहिल्या पिढीत आखूड केसांची पिल्लं येणार हे आधीच धरून चाला, बिघडलं असं समजू नका.

नेहमीच्या चुका: बाहेरचं रक्त आणल्यावर झालेली भाटी परत आपल्याच जुन्या बोक्याला, म्हणजे तिच्या बापालाच लावणं, यानं आणलेलं सगळं पाण्यात जातं. दुसरी चूक, "नवीन काहीतरी" म्हणून स्कॉटिश फोल्डचा क्रॉस. दुमडलेला कान देणारी तीच एक प्रत सांध्यांची हाडं पण बिघडवते, त्या पिल्लांना आयुष्यभर दुखतं. तो करूच नका.

## ६. प्रत्यक्ष मेटिंग

नवीन मांजर घरात आलं की किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत. एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांच्या दोन संसर्गजन्य व्हायरसची टेस्ट दोघांची, लसीकरण पूर्ण, आणि बुरशीसाठी अंगभर तपासणी, पर्शियनमध्ये रिंगवर्म केसात लपून बसतो आणि जून ते सप्टेंबर तर विचारूच नका.

भाटीला बोक्याच्या घरी न्या, बोका नव्या जागी बुजतो. मांजराचं बीज मेटिंगमुळंच सुटतं, म्हणून एकदा झालं की लगेच परत आणू नका, दोन-तीन दिवस ठेवा.

सावधान: घरी आणल्यावर माज पूर्ण उतरेपर्यंत खिडक्या-जाळ्या बंद. पेठेतल्या कौलारू घरात वरनं गल्लीतला बोका उतरायला वेळ लागत नाही, आणि एकाच झोलीत दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. तसं झालं की तुमचा तक्ता खोटा पडला. शंका असेल तर पिल्लांची बापाची डीएनए टेस्ट केल्याशिवाय एकही पिल्लू ब्रीडिंगला देऊ नका.

तारीख वहीत लिहा, तिथनं साधारण ६३ ते ६७ दिवस.

## ७. पिल्लं झाल्यावर काय लिहायचं

काट्यावर स्टीलचा डबा ठेवा, आत मऊ फडकं, काटा शून्य करा आणि पिल्लू ठेवा. जन्माला साधारण १०० ग्रॅमच्या आसपास, पुढं रोज १० ग्रॅमच्या आसपास वाढ. रोज एकाच वेळी वजन घ्या. एक दिवस जरी वजन घटलं तरी डॉक्टरांना फोन.

वजनाबरोबर हेही लिहा: एकूण किती झाली, मेलेली किती आली, टाळू फाटलेला, छाती चपटी, शेपटीला गाठ, आणि पुढं बोक्यांची अंडी खाली आली का. लोक मेलेलं पिल्लू लिहीत नाहीत, वाईट वाटतं म्हणून, मला पण वाटतं. पण एका लाइनमध्ये पिढीमागं पिढी झोल लहान होत चालली असेल तर ती हळूहळू गळती फक्त वहीतच दिसते, डोळ्याला दिसत नाही.

## ८. कोणतं पिल्लू ठेवायचं, बाकीची कशी द्यायची

सगळ्यात देखण्या भाटीची तीन पिल्लं ठेवायची आणि बाकीच्यांची एकही नाही, हे नको. प्रत्येक भाटीचं एक-एक पिल्लू पुढच्या पिढीला ठेवा. सगळ्या घरांचा वाटा सारखा राहिला तर तेवढ्याच मांजरांत वैविध्य टिकवायची ताकद जवळपास दुप्पट होते. एकाच बापाचे दोन मुलगे स्टड, म्हणजे क्रॉसचे बोके, म्हणून ठेवू नका.

बाकीची पिल्लं १२ आठवड्यांच्या आधी देऊ नका, आणि जी ब्रीडिंगला नकोत त्यांच्या ऑपरेशनची अट लेखी घ्या. देताना लसीच्या कार्डासोबत तुमच्या तक्त्याची झेरॉक्स द्या, आई-बापाचे फोटो चिकटवून, चिप नंबरसकट.

आमच्या ओळखीतल्या अकरा घरांनी मिळून आता एक गुगल शीट केलंय, मांजराचं नाव, बाप, आई, रक्तगट, रिपोर्ट, किती क्रॉस, एवढेच रकाने. गेल्या महिन्यात इचलकरंजीच्या एका ताईंनी त्यांच्या भाटीसाठी उचगावचा बोका ठरवला होता, शीटमध्ये नाव टाकलं आणि दोन्हीकडं आज्याच्या रकान्यात सुलतान आला. साखळीत पाच मांजरं, ३.१ टक्के. पण भाटीच्या आईच्या बाजूला अजून दोन प्रश्नचिन्हं होती, म्हणून त्या थांबल्या, आधी ते दोन फोन करणार आहेत.